दोघांच्या मापाची केबिन

४ फेब्रुवारी

मिस्तरी, नमस्कार.

पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. गाडी आली, स्वतःची. इतकी वर्षं दुसऱ्याची हाकली, आता दारावर कुणाचं नाव लिहायचं ते मी ठरवणार. ट्रकची केबिन चांगली लांब आहे, सीटच्या मागे आडवा बर्थ आहे, पण त्यावर कारखान्याने दिलेली गादी म्हणजे नुसता पुठ्ठा

आणखी एक बातमी. ऐकून हसा, पण मोठ्याने नको. मी लग्न करतोय. कचेरीत जाऊन सही करायची, बस. कोण ते आत्ता विचारू नका. तिच्या घरी अजून सांगायचंय, आणि घरचा माणूस जरा कडक आहे. मी तिला म्हटलं, मी महिना महिना बाहेर असतो, तू घरी राहून वाट बघ. तर म्हणाली, वाट बघण्यात निम्मं आयुष्य गेलं, आता मी वाटेवरच राहते. म्हणजे ती गाडीतच येणार, माझ्याबरोबर, कायमची.

आता सांगा, एवढ्याशा केबिनमध्ये दोन माणसांनी राहायचं तर काय काय लागतं? तिचा उजवा गुडघा दुखतो. पाय गार पडतात. झोपायच्या आधी वाचायची सवय आहे. जरा खुट्ट झालं की जाग येते. तुम्ही बसबांधणीत हयात घालवलीत, चाळीस चाळीस माणसं बसवलीत. ही तर दोनच आहेत.

तुमचा,
भोंगा


११ फेब्रुवारी

प्रिय भोंगा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्रात 'नमस्कार' या शब्दानंतर पूर्णविराम आहे, हे पाहून समाधान वाटले. गादीला पुठ्ठा म्हटल्यावर मात्र तो तू विसरलास. असो. बातमी वाचून मी हसलो नाही. माणसाने उशिरा का होईना, कोणासाठी तरी बसायला जागा करावी, हे मला पसंत आहे.

आता कामाचे. लहान जागेत दोन माणसांचे भांडण बहुधा कोपरापासून सुरू होते. मनापर्यंत ते नंतर पोहोचते. म्हणून प्रथम प्रत्येकाला एकेक कप्पा हवा, ज्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही. पाण्याची टाकी खाली आणि पट्ट्याने बांधलेली हवी. कपडे अडकविण्याचे आकडे तोंड मिटलेले हवेत, नाहीतर ते रात्रभर वाजत राहतील आणि खुट्ट झाले की जागी होणारी बाई तुला झोपू देणार नाही. बर्थच्या मागचा पत्रा थंडीत घामेजतो. त्याला आतून लोकर आणि वर रेक्झीन. पाय गार पडतात म्हणतोस, तर उशी दाराच्या बाजूला आणि पाय इंजिनच्या बाजूला. दिवा उशीपाशी, वरून टोपी घातलेला. प्रकाश पानावर पडावा, तुझ्या आरशात नव्हे. जोड्यांसाठी पायरीखाली खोका. जोडे आत आले की घर संपते.

गुडघ्याचा प्रश्न पायरीचा आहे. तुमच्या गाड्यांची पहिली पायरी उंटासाठी केलेली असते. धाकटीलाही नेमका हाच त्रास असल्यामुळे मी काल तिला स्टुलावर चढायला लावले आणि स्टुलापुढे पुस्तके रचीत गेलो, ती "हं, आता नाही दुखत" म्हणेपर्यंत.

"एवढं कुणासाठी?" तिने विचारले.

"भोंगा लग्न करतो आहे."

"ह्या वयात?"

"मीही मनात तेच म्हणालो."

"मग पायरी चांगली भक्कम कर. पळून जायची वेळ आली तर बिचारीला उतरता आलं पाहिजे."

माझ्या बहिणीचा विनोद कधीकधी मर्यादा सोडतो. पण माप पक्के मिळाले.

एक सांगतो, रागावू नकोस. त्या घरच्या कडक माणसाला आधी सांग. चोरून केलेले काम कितीही सुबक असले तरी त्याची उलटी बाजू कधीतरी दिसतेच.

तुझा,
मिस्तरी


१९ फेब्रुवारी

मिस्तरी, नमस्कार.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. आकड्यांची तोंडं मिटलेली हवीत हे ऐकून म्हणाली, माणसांच्या तोंडांसाठीपण असं काही करतात का विचार.

सगळं मान्य. आणखी दोन गोष्टी. पडदा जाड हवा, आणि तो तिला आतून ओढता आला पाहिजे. मी घोरतो हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. दुसरं म्हणजे, मी चालवत असताना ती मागे झोपणार. अचानक ब्रेक लागला तर माणूस सीटवरून उडून पुढच्या काचेवर येतो, मी पाहिलंय. तेव्हा बर्थला आडवा पट्टा पाहिजे. अगदी मजबूत. बाकी काही राहिलं तरी चालेल.

गादीसाठी तिची उंची लागेल. तुमच्या धाकटीएवढी धरा.

कडक माणसाला सांगायचंय, विसरलो नाही. पण तिचं म्हणणं, आधी केबिन होऊ दे. ती म्हणते, गादी तुमच्याच हातची हवी, दुसऱ्या कुणाची नको. पडद्याचा रंगही तुम्हीच ठरवा म्हणाली. गाडी या आठवड्यात क्लीनर तुमच्या दारात लावून जाईल.

भोंगा


२ मार्च

प्रिय भोंगा,

सप्रेम नमस्कार. तू माझ्या कामाची इतकी तारीफ केली आहेस की न पाहिलेली बाई माझ्याच हातची गादी मागते, हे वाचून संकोच वाटला. खोटे सांगत नाही, बरेही वाटले. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कोणी काही मागत नाही. बाजारात मी फलकांवरच्या चुका दाखवितो, तर दुकानदार मला येताना पाहूनच आत जातात.

गादी तीन तुकड्यांत केली आहे. मधला तुकडा काढला की दोन बैठका आणि मधे तक्ता टेकवायला जागा होते. दिवसा माणसाने अंथरुणात बसू नये. कडेला घट्ट फोम, मध्ये मऊ. "धाकटीएवढी" हे माप नव्हे, ती उपमा आहे. पण धाकटी हाताशी होती, म्हणून निभावले. बाहेरच्या खोलीत गादी मांडून तिला आडवे व्हायला सांगितले. कुशीवर वळायला सांगितले. खांद्याखाली फोम किती दबतो ते पाहिले, गुडघ्यांमध्ये ठेवायला एक लहानशी उशी केली, तीही तिच्यावरच बेतली. मी खडूने खुणा करीत होतो, तेवढ्यात तिचा डोळा लागला. तिला मी इतक्या चटकन झोपलेली कधी पाहिली नाही. तुझी वहिनी आजारी होती तेव्हा ही तिच्या उशाशी खुर्चीत बसूनच झोपे. ती सवय अजून अंगात आहे असे मला वाटत होते. मी तसाच थांबलो. जागी झाल्यावर म्हणाली, "दादा, किती वेळ उभा आहेस? उठवायचंस ना."

"माप पुरे झाले नव्हते," मी म्हणालो.

पडदा निळा घेतला आहे. मला राखाडी बरा वाटत होता. धाकटी म्हणाली, "राखाडी भिंती बघून कंटाळलेलं असतं माणूस." तुझ्या बाईंचे ठाऊक नाही, पण बायकांना बायकांचे कळत असावे.

पट्टा शेवटचा. मेणदोरा संपला आहे, नवा टपालाने मागविला आहे. म्हणून पट्टा जागेवर लावला आहे, पण साध्या सुती दोऱ्याने नुसता टाचला आहे, माप दिसावे यासाठी. बाई स्वतः येऊन त्यावर आडव्या होतील, मी खूण करीन आणि मग पक्की शिवण घालीन. तोवर त्यावर भार द्यायचा नाही. हे नीट लक्षात ठेव.

गाडी शनिवारी माझ्या दारातून ने. त्यानंतर येणाऱ्या रविवारी त्यांना घेऊन जेवायला ये. धाकटी सगळे करील.

तुझा,
मिस्तरी


९ मार्च

दादा,

हे पत्र लिहायला मी चार वेळा बसले. ट्रकमध्ये तक्त्यावर लिहितेय, तू केलेल्या. अजिबात डुगडुगत नाही.

ती मीच, दादा.

शनिवारी तू मेणदोऱ्याचं पुडकं सोडवायला टपालकचेरीत गेलास, तेव्हा आम्ही निघालो. मी दारात उभी राहून तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. तू वळला असतास तर मी आत गेले असते. तू वळत नाहीस कधी.

तुला सांगायचं नव्हतं असं नाही. मी तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा म्हटलं, "दादा, मला वाटतं की मी आता..." आणि तू म्हणालास, "...जरा आराम करावा. बरोबर आहे." दुसऱ्यांदा तू म्हणालास, "...डॉक्टरांना गुडघा दाखवावा." मी काय बोलणार ते तुला आधीच माहीत असतं. माझी सगळी वाक्यं तूच पुरी करतोस, आणि इतकी नीट करतोस की मलाही वाटायला लागतं, मी हेच म्हणणार होते. वहिनीच्या मागे त्या शाळेतल्या हेडमास्तरांनी माझ्याशी लग्नाचं विचारलं होतं तेव्हाही तूच सांगितलंस, ती इथे बरी आहे. मी आतल्या खोलीत होते. बरी होते की नाही, ते विचारायला तू आत आला नाहीस.

पण गादी तुझ्या हातची हवी होती मला. बाहेरच्या जगात जायचं तर अंगाखाली काहीतरी ओळखीचं हवं. हा लोभ होता, मान्य आहे. त्या दिवशी मी खरंच झोपले होते. नाटक नव्हतं.

भोंग्यावर रागावू नकोस. तो दर मुक्कामाला म्हणत होता, मिस्तरींना सांगू. मीच नको म्हटलं.

ट्रान्सपोर्टच्या कचेरीत पत्र टाकलंस तर दर आठवड्याला मिळेल.

धाकटी


१६ मार्च

सौभाग्यवतींस,

आपले पत्र मिळाले.

आपण निघालात त्या दिवशी मी मेणदोऱ्याचे पुडके घेऊन परत आलो. गाडी दारात नव्हती. ती जाणार हे ठाऊक होते. दार लोटलेले होते. चहाचा एक कप धुऊन पालथा घातलेला होता. एकच. मी तो पाहिला आणि प्रथम हेच मनात आले की आज धाकटीने चहा घेतलेला दिसत नाही. मी शेजारी चौकशी केली. शेजारीणबाई म्हणाल्या, "अहो, त्या ट्रकमध्ये चढल्या ना, बॅग घेऊन. तुम्हाला माहीत नाही?" मी त्यांना म्हणालो, "माहीत आहे." आयुष्यात मी सांगितलेली असत्ये फार थोडी आहेत, त्यांत हे एक वाढले.

आपण खोटे बोलला नाहीत, हे खरे. आपण काहीच बोलला नाहीत. माझ्या हातांना बोलू दिलेत. मी पुस्तके रचीत गेलो आणि आपण एकेक पुस्तक चढून "आता नाही दुखत" म्हणालात. मी खडूने आपल्या खांद्याची खूण केली. जगात दुसऱ्या कोणा भावाने बहिणीच्या पळून जाण्याची पायरी स्वतःच्या हाताने, तिच्या गुडघ्याला बेतून केली असेल, असे मला वाटत नाही. "पळून जायची वेळ आली तर" हे आपण माझ्या तोंडावर बोललात, आणि तो विनोद मी त्या गृहस्थांना लिहून कळविला. ते दोन मिनिटे हसले असतील. बहुधा आपण दोघेही.

वाक्ये पुरी करण्याचा आरोप वाचला. मला वाटत होते, घरातल्या दोन माणसांना एकमेकांचे अर्ध्यावर कळते याला जिव्हाळा म्हणतात. माझी समजूत चुकली.

हेडमास्तरांविषयी मी काही लिहीत नाही.

आपल्या पतींना माझा निरोप: ज्या माणसाने माझ्या घरी इतकी वर्षे चहा घेतला, त्याने मला "कडक माणूस" असे नाव देऊन माझ्याकडूनच सल्ला मागावा, याला काय म्हणतात ते मी शब्दकोशात शोधले. शब्द आहे, तो मी पत्रात लिहीत नाही. केबिनचे काम माझ्याकडून संपले. काही उरले असेल तर त्यांनी माझी पत्रे पुन्हा वाचावीत. त्यांत सर्व स्पष्ट लिहिलेले आहे.

आपल्या गैरहजेरीत घर व्यवस्थित आहे.

आपला बंधू


२० मार्च

सौभाग्यवतींस,

हे पत्र मिळताच प्रथम पुढचे वाक्य वाचावे आणि मग इतर.

बर्थच्या पट्ट्याची शिवण कच्ची आहे. तो सुती दोऱ्याने नुसता टाचलेला आहे. धक्का बसला तर तो सुटेल. गाडी चालू असताना त्या बर्थवर झोपू नये.

हे मी २ मार्चच्या पत्रात आपल्या पतींना कळविले होते आणि मागील पत्र लिहिताना मला ते पूर्णपणे आठवत होते. कळविले आहे म्हणजे माझे कर्तव्य झाले, असा विचार करून मी पाकीट बंद केले. चार दिवस तो विचार योग्य वाटत होता. आज वाटेना. वाण्याच्या दुकानातून मी ट्रान्सपोर्टच्या कचेरीत फोन केला. कारकून म्हणाला, "काका, गाडी सकाळीच गेली. निरोप लिहून ठेवू का?" मी त्याला सांगितले, लिहून घे. त्याने "पट्टा" हा शब्द दोनदा विचारला. म्हणून हे पत्र.

मेणदोरा माझ्याजवळ आहे.

बंधू


२१ मार्च

दादा,

तुझं सोळा तारखेचं पत्र काल सकाळी कचेरीत मिळालं, निघता निघता. चार पानं. बर्थवर आडवी होऊन वाचली, टोपीच्या दिव्याखाली. प्रकाश अगदी पानावर पडतो.

दुपारी एक मोटारसायकल आडवी आली. भोंग्याने ब्रेक मारला. मी झोपले होते, पट्टा लावून. भोंगा रोज विचारायचा, पट्टा नीट आहे ना? मी म्हणायची, दादाचा आहे. पट्टा कडेने सरकन उसवला आणि माझी हनुवटी समोरच्या दांड्यावर आपटली. एक दात हलतोय. हनुवटीला टाके पडले आहेत. डॉक्टरांनी घातलेले टाके तुला पसंत पडले नसते.

जरा शुद्धीवर आले तेव्हा मी पट्टा हातात घेतला. लहानपणापासून मी तुझी दोऱ्याची रिळं धरली आहेत, दादा. सुती दोरा मला अंधारातही कळतो. पण बघायचं सुचलंच नव्हतं कधी. इतकी सरळ टाचलेली, कुणालाही पक्की शिवण वाटावी. तुला वाईट काम टाचतानासुद्धा करता येत नाही.

भोंग्याच्या खिशातून तुझी पत्रं काढली. चौथ्या पानावर आहे, हो. तो तुझी पत्रं पहिलं पान वाचून घडी करतो. खाली मान घालून बसला होता. त्याला मी जे बोलायचं ते बोलले.

पण तू. सोळा तारखेला तू मला चार पानं लिहिलीस. माझा कप, माझी बॅग, शेजारीण, शब्दकोश. पट्ट्याची एक ओळ नाही. "काही उरले असेल तर." काय उरलंय ते तुला माहीत होतं. मी त्यावर झोपते हेही माहीत होतं, त्यासाठीच तर तू तो बेतला होतास. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तेच तूही केलंस, आणि माझी हनुवटी फुटली.

पुढच्या गावात मेणदोरा आणि दाभण विकत घेतली. पट्टा मी स्वतः शिवला, तू शिकवलेल्या दुहेरी टाक्याने. भोंग्याने धरला. शिवण सरळ आली की वाकडी, मला ठरवता येत नाही. हनुवटी खाली करता येत नाही अजून.

पायरी मात्र बरोबर आहे. पडल्यावर मी तिच्यावरच बसून होते.

धाकटी


२८ मार्च

धाकटी,

तुझे पत्र मिळाले. माझे वीस तारखेचे पत्र तुला कचेरीत मिळेल किंवा एव्हाना मिळाले असेल. ते उशिरा निघाले. आधी निघायला हवे होते, हे ते लिहिण्यापूर्वीही मला माहीत होते. त्यात तुझ्यासाठी आता काही उपयोगाचे नाही.

तुम्ही दोघांनी मला फसविलेत, हे माझे म्हणणे कायम आहे. मी तुला पडू दिले, हे तुझे म्हणणे मी खोडीत नाही. दोन्ही एकाच घरात राहतील असे दिसते.

दात हलत असेल तर ओढू नकोस. पंधरा दिवसांत धरतो. डाव्या बाजूने चाव.

मी काल हेडमास्तरांच्या घरावरून गेलो. त्यांच्या दारावर आता दुसऱ्याच कोणाचे नाव आहे, आणि त्यात चूक आहे. मी सांगायला गेलो नाही.

मालाच्या फेऱ्या बदलल्या नसतील, तर येत्या रविवारी तुमची गाडी पुलाजवळच्या वजनकाट्यावर थांबेल. मी तिथे उभा राहीन. त्या गृहस्थांनी खाली उतरू नये. त्यांच्याशी मला बोलायचे नाही, निदान या रविवारी तरी नाही. मी पायरीने वर येईन. ती माझ्याही गुडघ्याला पुरेल असे वाटते. मला पट्टा पाहायचा आहे. दाभण आणि मेणदोरा घेऊन येतो; पुडके मी अजून फोडलेले नाही.

शिवण सरळ असेल, तर हात न लावता उतरेन आणि तुम्ही निघून जा. वाकडी असेल, तर सगळी उसवीन आणि पहिल्यापासून घालीन. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ तुला माझ्यासमोर बसून दोरा धरावा लागेल.

ती वाकडी असावी.

दादा